सांभाळ कोणाचा, कर्तव्य कोणाचे? वृद्ध आई-वडील आणि कायद्यात न सापडणारी सून

आषाढात गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की गावातील बहुतेक स्त्रिया दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात. घरी सासू अंथरुणाला खिळलेली असेल, तर उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून सून बाहेर पडते. ती न गेली तर मजुरी बुडते. गेली तर म्हातारीला कूस बदलून द्यायला कोणी नसते. वृद्धांच्या सांभाळाच्या कायद्याचा इतिहास वाचताना ही सून लक्षात ठेवावी लागते.

इंग्रजी अमदानीतील १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचे कलम होते, पण ते पत्नी आणि अपत्यांपुरते. आई-वडिलांचा त्यात उल्लेखही नव्हता. धर्मशास्त्राने हे कर्तव्य मुलावर टाकले होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने ते मुलीवरही टाकले, मात्र त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे. १९७३ च्या नव्या संहितेतील कलम १२५ ने प्रथमच कोणत्याही धर्माच्या निराधार आई-वडिलांना थेट दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट दिली. कमाल पोटगी होती महिना ५०० रुपये.

या कलमाची मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागली. कल्याणमधील एका विवाहित महिला डॉक्टरविरुद्ध तिच्या वडिलांनी दरमहा ५०० रुपयांसाठी अर्ज केला. आईचे निधन १९४८ मध्येच झाले होते आणि वडिलांनी दुसरे लग्न केले होते. मुलीचा युक्तिवाद व्याकरणाचा होता: कलमात पुल्लिंगी सर्वनाम आहे, म्हणून जबाबदारी मुलाचीच. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लग्न झाल्याने मुलगी मुलगी राहत नाही असे नाही, आणि ज्यांना केवळ मुलीच आहेत त्यांनी जायचे कुठे, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. ‘दिल्या घरी’ गेलेल्या मुलीविषयीच्या समजुतीला हा चांगलाच धक्का होता.

त्यानंतर आला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू झाला. दाद मागायची ती न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. वकिलाची गरज नाही. निर्वाहभत्ता महिना १०,००० रुपयांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलेली जमीन, अट मोडल्यास, परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. गोंदिया किंवा देवरीच्या ज्या कार्यालयात शेतकरी फेरफाराच्या अपिलासाठी खेटे घालतो, तेथेच आता त्याला मुलाविरुद्ध अर्ज देता येतो. पण जमिनीच्या वादात समोर भाऊबंद असतो, येथे पोटचा मुलगा. अर्जावर प्रतिवादी म्हणून त्याचे नाव लिहायचे, आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला परतायचे.

या कायद्याने ‘अपत्य’ म्हणून मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांची नोंद केली. सून त्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने सून आणि जावई यांना व्याख्येत घेण्याचे सुचवले. ते मंजूर झाले नाही. ते मंजूर झाले असते तरी सुनेचे नाव देणेकऱ्यांच्या यादीत गेले असते. जी प्रत्यक्ष भरवते, न्हाऊ घालते, रात्री उठते, तिला काही देणे लागते, हा विचार त्या विधेयकातही नव्हता.

राज्य शासनाच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेला नाव मिळाले ते श्रावणबाळाचे, म्हणजे कावड वाहणाऱ्या पुत्राचे. वयाची पासष्टी गाठलेल्या गरीब वृद्धांसाठी ती आहे आणि २०२३ मध्ये तिची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली. औषधे आणि चहा-साखर यांना तिचा आधार होतो. रोवणीच्या दिवसांत घरी थांबलेल्या सुनेची बुडालेली मजुरी मात्र ना या योजनेत मोजली जाते, ना न्यायाधिकरणाच्या आदेशात.