हम्बोल्ट पेंग्विन

हम्बोल्ट पेंग्विन (शास्त्रीय नाव : स्फेनिस्कस हम्बोल्टाय). दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिली या दोन देशांत राहणारा, उडता न येणारा समुद्रपक्षी. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्झ मेयेन याने १८३४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ज्या थंड सागरी प्रवाहात हा पक्षी जगतो त्या प्रवाहाला अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या संशोधक-प्रवाशाचे नाव आहे. त्याने १८०२ मध्ये पेरूच्या किनाऱ्याजवळ या पाण्याचे तापमान मोजले होते. पक्ष्याचे नाव त्या प्रवाहावरूनच पडले. ‘स्फेनिस्कस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ छोटी पाचर. पाण्यात सूर मारणाऱ्या या पक्ष्याचे अंग दोन्ही टोकांना निमुळते असते, त्यामुळे पाचर हे नाव अगदी नेमके बसले आहे.

पेंग्विन म्हटला की बर्फ आठवतो. शाळेच्या चित्रांनी आपल्या मनात तो इतका पक्का बसवला आहे की, हम्बोल्ट पेंग्विनची ओळख करून देताना आधी तो बर्फच बाजूला सारावा लागतो. तुलनेसाठी पाहा : परभणी जिल्ह्यातले जिंतूर विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. पेरूमधील पुंता सान हुआन या भूशिरावर हम्बोल्ट पेंग्विनची मोठी वसाहत आहे आणि ती विषुववृत्तापासून केवळ पंधरा अंश दक्षिणेला आहे. म्हणजे नकाशावर जिंतूरपेक्षा विषुववृत्ताच्या अधिक जवळ हा पक्षी अंडी घालतो, पिल्ले वाढवतो. त्याच्या पट्ट्याचे उत्तर टोक, पेरूतील फोका हे बेट, तर अवघ्या पाच अंशांवर आहे. दक्षिणेकडे हा पट्टा चिलीत बेचाळीस अंशांपर्यंत जातो. या साऱ्या किनाऱ्यालगत, दक्षिणेचा काही भाग सोडला तर, वाळवंट आहे. खडक, वाळू, निवडुंग आणि समोर थंडगार समुद्र, असे या पक्ष्याचे घर आहे.

इतक्या कमी अक्षांशावर पाणी थंड कसे, याचे उत्तर वाऱ्यात आहे. पेरूच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वर्षभर वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोलातले थंड पाणी वर येते. तळाशी साचलेली पोषकद्रव्ये या पाण्याबरोबर उजेडात येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर सूक्ष्म जीव आणि त्या सर्वांवर अँचोव्हेटा नावाचा बोटाएवढा मासा पोसला जातो. मुंबईच्या बाजारात मिळणारी मांदेली याच कुळातली. अँचोव्हेटाचे थवे हे या पेंग्विनचे मुख्य अन्न; शिवाय तारलीच्या जातीचे मासे, इतर लहान मासे आणि माकूळही तो खातो. थंड पाण्यावरची हवाही गार राहते, तिच्यातून ढग येतात पण पाऊस पडत नाही. म्हणून किनारा कोरडा आणि समुद्र समृद्ध. जिंतूर समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत आहे; तिथला उन्हाळा तापलेल्या जमिनीचा असतो. पेरूच्या किनाऱ्यावर ऊन असते, पण त्या उन्हाला समुद्राचा लगाम असतो.

पूर्ण वाढलेला पक्षी उंचीने दोन फुटांच्या आसपास आणि वजनाने चार ते पाच किलो भरतो. पाठ काळसर, पोट पांढरे. डोके काळे; डोळ्याच्या वरून निघालेली पांढरी पट्टी कानामागून वळून गळ्याखाली येते. छातीवर घोड्याच्या उलट्या नालासारखा एकच काळा पट्टा असतो आणि तो दोन्ही कुशींवरून पायांपर्यंत उतरतो. दक्षिण चिलीत याच्या शेजारी राहणाऱ्या मॅगेलन पेंग्विनच्या छातीवर असे दोन पट्टे असतात. दोघांना ओळखण्याची ही सोपी खूण. पोटावर काळे ठिपके विखुरलेले असतात आणि ते प्रत्येक पक्ष्याचे वेगळे असतात. नर मादीपेक्षा किंचित मोठा आणि त्याची चोच जाड असते, पण नुसत्या नजरेने खात्री देता येत नाही.

चोचीच्या मुळाशी गुलाबी, पिसे नसलेली कातडी असते. ती शोभेची नाही. ऊन वाढले की पक्षी रक्त त्या कातडीकडे, पायांकडे आणि पंखांच्या आतल्या बाजूकडे वळवतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत उभा असलेला पेंग्विन म्हणजे गारवा शोधणारा पेंग्विन. बर्फाळ प्रदेशातल्या पेंग्विनांच्या चेहऱ्यावर पिसे अधिक दाट असतात. या पक्ष्याचे अंग मात्र एकाच वेळी दोन कामांसाठी घडले आहे : थंड पाण्यात ऊब धरण्यासाठी दाट, एकमेकांवर बसणारी पिसे आणि तापलेल्या खडकावर ती ऊब टाकून देण्यासाठी उघडा चेहरा.

जिंतूरजवळच्या येलदरीच्या जलाशयावर पाणकावळा पाहिलेल्या माणसाला या पक्ष्याचे पोहणे समजायला सोपे जाईल, आणि दोघांतला फरकही. पाणकावळा पायांनी पाणी मारतो, बाहेर आला की पंख पसरून वाळवत बसतो, कारण त्याची पिसे भिजतात. पेंग्विन पंखांनी पोहतो. त्याचे पंख वल्ह्यासारखे चपटे आणि कडक झालेले आहेत आणि पाय केवळ दिशा देण्यापुरते. शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल तो चोचीने सर्वांगाला चोपडतो, म्हणून त्याची पिसे भिजत नाहीत. पाणकावळ्याची हाडे हलकी असतात, पेंग्विनची भरीव. समुद्राचे खारे पाणी पोटात गेले तरी डोळ्यांवरच्या ग्रंथी जादा मीठ गाळून चोचीवाटे टाकतात. बहुतेक बुड्या तीस मीटरच्या आतल्या आणि मिनिटभराच्या असतात. पन्नास मीटरहून थोड्या अधिक खोल गेल्याचीही नोंद आहे.

घरट्याची गोष्ट मात्र खतापासून सुरू होते. पेरूच्या किनाऱ्यावरील बेटांवर पाणकावळ्याचाच भाऊबंद असलेला ग्वानाय, तसेच बूबी आणि पेलिकन हे पक्षी लाखोंनी राहत. पाऊस नसल्यामुळे त्यांची विष्ठा धुऊन न जाता थरावर थर चढत गेली. तिला ‘ग्वानो’ म्हणतात. नत्र आणि स्फुरद यांनी भरलेले हे खत इंका शेतकरी वापरत आणि हे पक्षी मारणाऱ्याला त्या राज्यात देहदंड होता, असे इतिहासकार गार्सिलासो दे ला व्हेगा याने लिहून ठेवले आहे. हम्बोल्ट पेंग्विन याच ग्वानोच्या थरात बीळ खोदून घरटे करी. थर मऊ, आत गारवा, वरून ऊन नाही, गिधाडांची आणि समुद्रपक्ष्यांची नजर नाही. १८४० नंतर युरोप-अमेरिकेच्या शेतांसाठी हा साठा जहाजे भरभरून उपसला गेला. पेरूतील चिंचा नावाच्या बेटांवरचे कित्येक मीटर उंचीचे ग्वानोचे डोंगर चार दशकांत खडकापर्यंत खरवडले गेले. खताची उणीव कशी असते ते ज्याने शेत कसले आहे त्याला सांगायला नको, पण त्या उपशात एका पक्ष्याचे घरच उचलून नेले गेले, याची नोंद फार उशिरा घेतली गेली. आज पुष्कळसे पक्षी खडकांच्या कपारीत, गुहांत, झुडपांखाली किंवा उघड्यावरच अंडी घालतात. उघड्यावरच्या घरट्यांत पिल्ले कमी जगतात. पुंता सान हुआनचे भूशीर टिकले याचे एक कारण म्हणजे कोल्हे आणि माणसे आत येऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी बांधलेली भिंत. ती बांधली ग्वानो देणाऱ्या पक्ष्यांसाठी. पेंग्विनला तिचा आसरा आपोआप मिळाला. २००९ मध्ये पेरूने अशी बेटे आणि भूशिरे एकत्र करून त्यांचे राष्ट्रीय राखीव क्षेत्र केले. चिलीत याच पक्ष्याच्या नावाचे राखीव क्षेत्र १९९० पासून आहे.

जोडी बहुधा वर्षानुवर्षे टिकते आणि त्याच बिळाकडे परतते. नर मान उंचावून, पंख पसरून गाढवासारखा ओरडतो. अंधारात एकमेकांना शोधायला हा आवाजच कामी येतो. जवळ आल्यावर दोघे एकमेकांपुढे माना लववतात. मादी दोन ते चार दिवसांच्या अंतराने दोन अंडी घालते. आई-बाप आळीपाळीने ती सुमारे चाळीस दिवस उबवतात. पिल्लू राखी, लवदार. पोटातला अर्धवट पचलेला मासा त्याच्या चोचीत घातला जातो. सत्तर ते नव्वद दिवसांनी ते समुद्रात उतरते आणि त्याला पोहायला कोणी शिकवत नाही. अन्न मुबलक असले तर एकच जोडी वर्षात दोनदा वीण करते. पेरूत विणीचे दोन हंगाम साधारण एप्रिलच्या सुमारास आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात.

वर्षातून एकदा पिसगळ होते. सगळी पिसे दोन-तीन आठवड्यांत झडून नवी येतात. तेवढे दिवस अंग पाण्यात टिकत नाही, म्हणून पक्षी किनाऱ्यावरच उपाशी उभा राहतो आणि आधी साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. पिसगळीआधी पोटभर मासा मिळाला नाही तर हे उपोषण झेपत नाही.

मासा न मिळण्याची दोन कारणे आहेत. पहिले माणसाचे. अँचोव्हेटा हा जगात सर्वाधिक पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी एक; त्यातला बहुतेक माल सुकवून, दळून कोंबड्यांच्या आणि मत्स्यशेतीच्या खाद्यात जातो. शिवाय किनाऱ्यालगत लावलेल्या जाळ्यांत अडकून पेंग्विन बुडतात. दुसरे कारण एल निनो. काही वर्षांच्या अंतराने प्रशांत महासागरावरचे वारे मंदावतात, कोमट पाणी पेरूकडे सरकते, खालचे थंड पाणी वर येईनासे होते. अँचोव्हेटा खोल जातो किंवा दक्षिणेला निघून जातो. पेंग्विन दूरवर भटकतात, अंडी सोडून देतात, पिल्ले उपाशी मरतात. त्याच काळात त्या वाळवंटी किनाऱ्यावर धो धो पाऊस कोसळतो आणि बिळे बुडतात.

जिंतूरच्या वाचकासाठी ही नोंद लिहावीशी वाटली ती या एका धाग्यामुळे. तिकडे बिळे बुडवणारा एल निनो इकडे अनेकदा मोसमी पाऊस अडवतो. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या घराघरांत आजही तोंडी आहे. त्याच वर्षीच्या एल निनोत, आधीच बेसुमार मासेमारीने खिळखिळी झालेली पेरूची अँचोव्हेटाची मासेमारी कोसळली. १९७० मध्ये वर्षाला सुमारे सव्वा कोटी टनांवर गेलेली पकड १९७३ मध्ये वीस लाख टनांच्या आसपास आली. १९८२-८३ च्या एल निनोने पेरूतले हम्बोल्ट पेंग्विन सुमारे दोन तृतीयांशाने घटले. १९९७ मध्ये एल निनो फार तीव्र असूनही भारताचा एकूण पाऊस सरासरीइतका झाला, तेव्हा हे नाते गणितासारखे पक्के नाही. पेंग्विनला मात्र त्या खेपेसही सुटका मिळाली नाही. २०१५ मध्ये पुन्हा तीव्र एल निनो आला, मराठवाड्याचा खरीप गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पेरणीआधी हवामान खात्याच्या अंदाजात ‘एल निनो’ हा शब्द ऐकू येतो, तेव्हा तो याच पक्ष्याच्या समुद्राविषयी असतो.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ वर्गात आहे. २०२० च्या मूल्यमापनात प्रौढ पक्षी २४,००० च्या आत धरले आहेत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने पकडलेल्या पक्ष्यांचा व्यापारी विक्रय बंद आहे. २०२३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर बर्ड फ्लूच्या साथीत तीन हजारांहून अधिक पक्षी मेले.

बंदिवासात ही जात इतर पेंग्विनांपेक्षा अधिक तग धरते, म्हणून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत ती दिसते. टोकियोतून २०१२ च्या मार्चमध्ये निसटलेला एक तरुण हम्बोल्ट पेंग्विन मे महिन्यात सापडेपर्यंत टोकियोच्या उपसागरात स्वतःची शिकार करून जगला. भारतात हे पक्षी पहिल्यांदा आले ते मुंबईच्या भायखळ्यातील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातील सोलहून आठ पक्षी आणले गेले. २३ ऑक्टोबरला त्यातली एक लहान मादी जंतुसंसर्गाने दगावली. उरलेले सात मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. त्यांच्या दालनात तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. हा पक्षी ऊन सोसतो, मग वातानुकूलित दालन कशाला, असा प्रश्न रास्त आहे. त्याला सोसते ते थंड समुद्राशेजारचे कोरडे ऊन. मुंबईची दमट हवा आणि कोमट पाणी त्याच्या ओळखीचे नाही. हवेतल्या बुरशीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार आणि डासांमुळे पसरणारा पक्ष्यांचा मलेरिया हे बंदिवासातल्या पेंग्विनांचे दोन मोठे शत्रू आहेत, आणि दोन्ही दमट, उष्ण हवेत वाढतात.

५ जुलै २०१८ ला तिथे एका मादीने अंडे घातले आणि १५ ऑगस्टला पिल्लू बाहेर आले. चाळीस दिवसांचा हिशेब भायखळ्यातही चुकला नाही. भारतात जन्मलेला तो पहिला पेंग्विन. जन्मजात दोषांमुळे आठवड्याभरात ते पिल्लू गेले. १ मे २०२१ रोजी जन्मलेला ‘ओरिओ’ मात्र जगला, वाढला, आणि त्यानंतर तिथली संख्या वाढत गेली.

जिंतूरला रेल्वे नाही. सेलूहून किंवा परभणीहून गाडी धरून मुंबईला गेलेल्याने भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरावे, बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. काचेसमोर उभे राहिल्यावर आधी छातीकडे पाहावे. एखाद्या पक्ष्याचे डोके राखी असेल आणि छातीवर काळा पट्टा नसेल, तर तो पहिल्या पिसगळीला अजून पोचलेला नाही. पिसे विस्कटलेला, पाण्यात न उतरता एका जागी उभा असलेला पक्षी दिसला तर तो आजारी आहे असे लगेच समजू नये. बहुधा तो जुनी पिसे टाकतो आहे.