दीर्घकाळ उभी राहिलेली मोटारसायकल सुरू करणे

दीर्घकाळ वापराविना उभी असलेली मोटारसायकल सुरू होण्यास अडचण येणे ही पेट्रोलवर चालणाऱ्या सर्व दुचाकींत आढळणारी समस्या आहे. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (राजगड) या तालुक्यांच्या पश्चिम भागात ती पावसाळ्यानंतर विशेष जाणवते. इंजिन सुरू होण्यासाठी योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब या तीन गोष्टी आवश्यक असतात. उभ्या गाडीत यांपैकी पेट्रोल बहुधा सर्वांत आधी बिघडते, म्हणून तपासणीचा आरंभ टाकीपासून करणे श्रेयस्कर ठरते. प्रत्यक्षात मात्र किक मारून दमल्यावर थेट नवा प्लग किंवा नवी बॅटरी बसवली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

स्थानिक पार्श्वभूमी

हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे संततधार पाऊस पडतो, धुके दाटते आणि घरांच्या भिंतींना ओल येते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहणाऱ्या अनेकांच्या गाड्या गावच्या घरी पडवीत किंवा गोठ्यालगत उभ्या असतात आणि गणपतीस किंवा दिवाळीस एकदम बाहेर काढल्या जातात. भाटघर व नीरा-देवघर धरणांच्या जलाशयांना वळसा घालून तालुक्याचे गाव गाठावे लागणाऱ्या वाड्यांवर एस.टी.च्या फेऱ्या मोजक्याच असतात. रात्री-अपरात्री रुग्णास दवाखान्यात न्यायचे झाल्यास दारातील मोटारसायकल हेच अनेकदा पहिले वाहन असते. त्यामुळे ती सुरू होणे हा येथे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. त्यातील हलकी, चटकन पेट घेणारी द्रव्ये काही महिन्यांत उडून जातात व मागे जड, चिकट अंश उरतो. भारतात आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीच्या झाकणाचे रबर झिजले असेल, किंवा झाकणाभोवतीचे पाणी वाहून नेणारे छिद्र मातीने बुजले असेल, तर पागोळ्यांखाली उभ्या गाडीच्या टाकीत पाणी उतरते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघत असल्याने इंजिनाला प्रथम हाच थर मिळतो.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. नळी काढून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, रंग गडद झाला असला किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. जुन्यावर नवे ओतण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली तरी तिचा उपयोग होत नाही. तळाचे पाणी त्यामुळे हटत नाही. तळाशी तांबूस कण आढळल्यास टाकी आतून गंजली आहे असे समजावे आणि ती धुऊनच नवे पेट्रोल भरावे.

कार्बोरेटरच्या गाड्यांत खालच्या वाटीतील पेट्रोल सुकून जेटची छिद्रे बुजतात. कमी वेगासाठी असलेल्या स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असल्याने ते सर्वांत आधी बंद होते. चोक ओढल्यावर गाडी सुरू होते, चोक सोडताच बंद पडते, हे त्याचे ठळक लक्षण होय. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून जुने पेट्रोल सोडून द्यावे. तेवढ्याने काम न झाल्यास जेट काढून क्लीनरने व हवेच्या झोताने साफ करावे. पितळी जेटमध्ये पोलादी तार वा सुई घातल्यास छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खाऊ लागते.

राजदूत, येझदी यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल उडून गेल्यावर वाटीत केवळ दाट ऑइल उरते, म्हणून त्यांचा कार्बोरेटर उघडणे अपरिहार्यच असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असते. किल्ली फिरवल्यावर पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू आली नाही, तर प्रथम बॅटरी, फ्यूज व हँडलवरील इंजिन बंद करण्याचे बटण पाहावे.

हवेचा मार्ग

भातशेतीच्या गावांत उंदीर हा या समस्येतील दुर्लक्षित घटक आहे. एअर फिल्टरच्या डब्यात पेंढा व चिंध्यांचे घरटे सापडणे, वायरी कुरतडलेल्या असणे हे नित्याचे प्रकार आहेत. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात किंवा टाकीच्या हवाछिद्रात मातीचे घर बांधते. हवाछिद्र बुजले असता गाडी सुरू होते, परंतु काही अंतर गेल्यावर बंद पडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला तर निदान निश्चित समजावे.

ठिणगी आणि बॅटरी

काही किका मारल्यानंतर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते, पण ठिणगी पडत नाही किंवा गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. ओव्हरफ्लो झाल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किका माराव्यात. ठिणगी तपासताना मूळ प्लग जागेवरच ठेवावा, दुसरा प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा. प्लगचे भोक उघडे ठेवून ही तपासणी केल्यास बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. जुन्या, प्लॅटिनम पॉइंटच्या गाड्यांत पॉइंटवर चढलेला गंज बारीक पॉलिश पेपरने पुसल्यावर ठिणगी पुष्कळदा परत येते.

पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर दाबल्यावर केवळ ‘टक टक’ आवाज येणे हे ती उतरल्याचे चिन्ह. ४ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीस सुमारे ०.४ अँपिअरने सावकाश चार्ज करावे. जुन्या १०० सीसी गाड्यांपैकी अनेक बॅटरीविना किकने सुरू होतात. इंजेक्शनच्या गाडीस मात्र पंपासाठी वीज लागतेच.

किक खाली न जाणे

किक मुळीच दबत नसल्यास पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असण्याची शक्यता असते. अशी गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर ढकलू नये. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून रात्रभर थांबावे आणि नंतर वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करावे. चाक हलले नाही, तर इंजिन मिस्त्रीकडूनच उघडावे. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखे दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

सुरू झालेले इंजिन बंद पडवीत वा खोलीत चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू असतो.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

गाडी तीन-चार महिने उभी राहणार असल्यास कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करतात, बॅटरीची ऋण बाजू सोडवतात आणि सायलेन्सरच्या तोंडास प्लॅस्टिक बांधतात. सुरू करण्यापूर्वी ते काढण्याची खूण म्हणून किल्लीस दोरा बांधण्याची युक्ती उपयुक्त आहे. पत्र्याची टाकी भरून ठेवल्यास आतला गंज कमी होतो, मात्र ते पेट्रोल जुने होते. त्यामुळे वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवणे अधिक योग्य. ताडपत्री थेट गाडीवर घट्ट गुंडाळल्यास आत दमट हवा कोंडते, म्हणून खालून वारा खेळता ठेवावा. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी ब्रेक, टायरमधील हवा, तसेच विमा व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत तपासावी.