बुधवारची रात्र, नऊ पिना

१९९७ सालचा जुलै. बुधवार, रात्रीचे साडेअकरा. भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तुम्ही उभे आहात. पत्र्यावर पाऊस वाजतोय, शिळ्या कूलंटचा आंबूस वास नाकात बसलाय. सेकंड शिफ्ट सुटली आहे. उद्या गुरुवार, या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी सकाळी लाइट जाणार. तुमच्या हाताशी ही एक रात्र आहे.

समोर व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन. तिच्या कंट्रोलरच्या पोटात ३८६चा संगणक, त्यावर डॉस आणि डॉसवर मशीनचा स्वतःचा प्रोग्राम. पॅनेलवरच्या बाणांच्या कळा बोटांनी झिजून मेल्यात. पडद्यावर आकृती दिसते, पण त्यातला एक बिंदू निवडता येत नाही. प्रोग्रामला माऊस चालतो, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणून तुमच्या हातात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेला नऊ पिनांचा सिरियल माऊस आहे. यूएसबीचं पहिलं मानक गेल्याच वर्षी निघालं, पण या कॅबिनेटमध्ये ते शोधू नका.

मामा स्टुलावर बसलेत. ही मशीन आल्यापासून तेच चालवतात. "साहेब, जॉब सकाळपासून फिक्श्चरला तसाच आहे," एवढंच म्हणतात, आणि त्या वाक्यानं तुमची झोप उडते.

माऊस मागच्या दुसऱ्या पोर्टला लावा, ड्रायव्हर चालवा. उत्तर येतं: माऊस नाही. पुन्हा लावा. नाही. माऊस बदलून बघायची घाई करू नका, तो कोराच आहे. आधी एवढं मनात घ्या की या माऊसला स्वतःची वीज नाही. त्याच्या नऊ पिनांत वीजपुरवठ्याची पिनच नाही.

ही जोडणी माऊससाठी झालेलीच नव्हती. आरएस-२३२-सी हे मानक १९६९चं, टर्मिनल आणि मोडेम यांच्या बोलण्यासाठी ठरलेलं. नऊ पिनांच्या पोर्टात ४ नंबरची पिन सांगते, "मी तयार आहे", आणि ७ नंबरची विचारते, "पाठवू का?" निरोपाच्या तारा, बाकी काही नाही. पुढे माऊस करणाऱ्यांनी पाहिलं की या दोन तारा वर उचलल्या की त्यांच्यावर आठदहा व्होल्ट उभे राहतात आणि जेमतेम काही मिलीअँप वीज मिळते. तेवढ्यावर त्यांनी माऊस जगवला. मला हे फार मोठं काम वाटतं. तुमच्या हातातलं यंत्र "मी तयार आहे" या निरोपावर जगतं, आणि तो निरोप पोचला नाही तर ते मेल्यासारखं पडून राहतं.

मग निरोप अडतो कुठे? मेन स्विच बंद करा. दार उघडलं तरी आत हात घालू नका. सर्वो ड्राइव्हवरचा लाल दिवा अजून पेटलेला आहे, कपॅसिटरमध्ये साठलेला दाब उतरायला काही मिनिटं लागतात. मामा तेवढ्यात चहा ओततात. दिवा विझला, मीटरनं खात्री झाली, आता टॉर्च धरा.

मीटर बीपवर ठेवा. एक टोक बॉडीला, दुसरं पोर्टच्या ५ नंबरला. तिथं ग्राउंड असायला हवा. बीप नाही. १, २ शांत. ३ नंबरला टोक लागतं आणि मीटर ओरडतो.

ग्राउंड ३ नंबरवर!

इथं कागद घ्या आणि शांतपणे मांडा. संगणकातल्या कार्डावर दहा काट्यांची दोन रांगांची जागा असते, तिथून चपटी रिबन केबल मागच्या पोर्टपर्यंत येते. या केबली दोन जातींच्या निघतात. एका जातीत कार्डावरचा पाचवा काटा पोर्टच्या ५ला जातो, सातवा ७ला, सरळ हिशेब. दुसऱ्या जातीत रिबन कनेक्टरमध्ये थेट दाबलेली असते, म्हणून पहिली तार १ला, दुसरी ६ला, तिसरी २ला, अशी ती वरखाली वाटली जाते आणि पाचवी येते ३वर. बाहेरून दोन्ही सारख्या, वर कुठे काही लिहिलेलं नाही. मामांना आठवतं, मागच्या दिवाळीत कार्ड बदललं होतं. नव्या कार्डाबरोबर एकच केबल आली होती. ती पहिल्या पोर्टला गेली, जिथून मशीनमध्ये प्रोग्राम भरतात, म्हणून तो पोर्ट ठणठणीत आहे. दुसऱ्याला जुनीच केबल राहिली, दुसऱ्या जातीची. तिथं कुणी काही लावलंच नाही, त्यामुळे कुणाला कळलंही नाही.

आता कामाला लागा. रिबन कापा, ड्रॉवरमधला सोल्डरचा नऊ पिनी कनेक्टर घ्या. लाल रेघेची तार म्हणजे १. एकेक तार सोलून त्याच नंबरला डाग द्या. मामा टॉर्च धरतात, हात हलू देत नाहीत.

मेन चालू करा, पण इमर्जन्सीचं बटण दाबलेलंच राहू द्या. मामा विचारतात, "हा हलवला तर टेबल हलेल का?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर इथं जे हलवलं ते लोखंडच हललंय. सांगा, की हा फक्त पडद्यावरचा बाण हलवतो, टेबलाशी त्याचं काही नातं नाही.

ड्रायव्हर लगेच चालवू नका. क्यूबेसिकमध्ये चार ओळी लिहून पोर्ट उघडा: १२०० बॉड, ७ बिट, पॅरिटी नाही. माऊस उपटून पुन्हा लावा. काळ्या पडद्यावर एक अक्षर उमटतं. एम.

वीज मिळताच माऊस हे एक अक्षर पाठवतो, स्वतःची ओळख म्हणून. आता तो हलक्या हातानं सरकवा. उजवीकडे नेला की अ‍ॅटचं चिन्ह, डावीकडे सी, पुढे ढकलला की एल, तिरका डावीकडे-पुढे नेला की ओ. पहिल्या अक्षरात दिशा, पुढच्या दोनांत अंतर, आणि ती लहान अंतरं डॉसच्या पडद्यावर पत्त्यांची चिन्हं होऊन येतात: बदाम, चौकट, किलवर. तीन अक्षरांचा असा संच सेकंदाला सुमारे ४० वेळा येऊ शकतो. मामा स्टुलावरून उठून जवळ येतात. "एवढं सगळं बोलतो होय हा?"

ड्रायव्हर चालतो, प्रोग्राम उघडतो, बाण दिसतो. इमर्जन्सीचं बटण सोडून स्पिंडल फिरवून पाहिलं तेव्हा बाण उड्या मारायला लागला, कारण माऊसची वायर स्पिंडल मोटारच्या केबलला टायनं बांधली गेली होती. टाय कापून ती दुसऱ्या बाजूनं नेली, बाण जागेवर बसला. तारेत थोडा गोंगाट उरला तरी फार बिघडत नाही. संचातल्या पहिल्या अक्षरावर वेगळी खूण असते, त्यामुळे एखादं अक्षर फुटलं तरी ड्रायव्हर पुढच्या संचापासून पुन्हा ताळ्यावर येतो.

पाऊस उतरलाय. मामांनी गॅस्केटच्या रबरशीटचा तळहाताएवढा चौकोन कापून पॅनेलच्या फळीवर ठेवलाय, बर आणि कूलंटपासून लांब. कॉटन वेस्टनं ते हात पुसतात, बघतात, परत पुसतात. मग माऊसवर हात ठेवतात, नव्या टूलचा ऑफसेट घेताना ठेवतात तसाच जपून. बाण आकृतीवरून सरकत जातो आणि कोपऱ्यातल्या भोकापाशी थांबतो. मामा तुमच्याकडे न बघता विचारतात, "डावं बटण ना?"