मेंदूची जखम आणि कामाची जागा

तेरखेड्यात उभे राहून ‘ठासणे’ म्हणजे काय हे समजावून सांगू लागलो तर आपण आम्हाला हसाल. दारू किती, माती किती, हात कुठे जड ठेवायचा आणि कुठे हलका, हे वाशी तालुक्यातल्या या गावाइतके कोणाला ठाऊक? इथल्या फटाक्यांनी आणि शोभेच्या दारूने कित्येक गावांच्या जत्रा उजळल्या. म्हणून आज मेंदूच्या जखमेचा इतिहास सांगताना आम्ही ठासण्यापासूनच सुरुवात करतो. फक्त मुलूख परका आहे.

अमेरिकेत व्हरमाँट प्रांतातील कॅव्हेंडिश गावाजवळ १८४८ साली लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंग भरीत होता. भोकात दारू घालायची, वात सोडायची, वर वाळू टाकायची आणि मग पहारीने ठासायचे, असा क्रम. १३ सप्टेंबरच्या दुपारी वाळू पडण्याआधीच पहार दारूवर आपटली असावी. ठिणगी पडली आणि बार उडाला. ३ फूट ७ इंच लांबीची, सव्वातेरा पौंड म्हणजे सुमारे ६ किलो वजनाची ती पहार डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. गेज काही मिनिटांत बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी आला. जॉन हार्लो या तरुण डॉक्टराने त्याची शुश्रूषा केली. जखम चिघळली, पू झाला, माणूस कित्येक दिवस अर्धवट शुद्धीत होता; तरीही दहा आठवड्यांनी तो आपल्या घरी पोचला.

इथपर्यंतची हकीकत वैद्यकाच्या पुस्तकांतून पुष्कळांनी वाचलेली असते. पुढचा भाग असा की, गेज कामावर परत गेला तेव्हा कंत्राटदारांनी त्याला जागा दिली नाही. अपघातापूर्वी हाच त्यांचा सर्वांत हुशार मुकादम होता. आता तो लहरी झाला होता, शिवराळ झाला होता, ठरवलेले काम अर्ध्यावर सोडीत होता. मित्र म्हणू लागले की हा आपला गेजच नव्हे. हार्लोने हे सारे १८६८ साली छापले, आणि तेव्हापासून गेजचे नाव निघाले की ‘मेंदू बिघडला म्हणून माणूस वाया गेला’ एवढेच सांगण्याची प्रथा पडली.

आमचा आक्षेप या प्रथेला आहे. गेज त्यानंतर साडेअकरा वर्षे जगला. न्यू हॅम्पशायरमधील एका तबेल्यात त्याने दीड वर्ष काम केले. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि व्हालपरायझो ते सांतियागो या मार्गावर सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकू लागला. सहा घोड्यांची गाडी म्हणजे काय ते गाडीवानालाच विचारावे. पहाटे उठायचे, दाणावैरण करायची, घोडे जुंपायचे, उतारूंशी नीट बोलायचे, परक्या भाषेत व्यवहार करायचा, आणि घाटात सहाही लगाम वेगवेगळे सांभाळायचे. हे काम त्याने कित्येक वर्षे केले. १८५९ साली प्रकृती ढासळली तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे गेला. तेथे त्याला आकडी येऊ लागली आणि २१ मे १८६० रोजी तो वारला. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी जुने कागद पुन्हा तपासून २००० साली मोठा ग्रंथ लिहिला. नेमून दिलेल्या, रोज त्याच क्रमाने येणाऱ्या कामाने गेज पुष्कळसा सावरला असावा, असे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. ज्याला मुकादमकी नाकारली त्याला गाडीवानकीने माणसांत आणले. डॉक्टरांनी ही गोष्ट दीडशे वर्षांनी ओळखली; कामगाराने वाचली असती तर पहिल्याच दिवशी ओळखली असती, असे आम्हाला वाटते. हा आमचा पक्षपात समजा.

अर्थात सगळेच डॉक्टर आंधळे नव्हते. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या जर्मन सैनिकांसाठी कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफुर्टमध्ये संस्था काढली आणि उपचाराला कामशाळेची जोड दिली. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी रशियात जखमी सैनिकांना पुन्हा वाचायला, बोलायला, मोजायला शिकवले. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा उगवत नाही, परंतु शेजारचा भाग त्याचे काम थोडेथोडे अंगावर घेऊ शकतो. त्यासाठी तीच कृती हजार वेळा करावी लागते. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत भराभर दिसते, मग मंदावते, पण वर्षानुवर्षे चालू राहू शकते. नेमक्या त्याच काळात घरातले पैसे संपलेले असतात.

आता आपल्याकडे येऊ. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्या काळी ना. म. जोशी कामगारांच्या वतीने मध्यवर्ती कायदेमंडळात बसत होते. या कायद्याला इजांची एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरायचे, तर्जनी पुरी गेली तर १४ टक्के, दोन्ही हात गेले तर १००. आम्ही ही यादी इतक्या वेळा वाचली आहे की झोपेतही म्हणू शकू. तीत बोटांची पेरेसुद्धा मोजलेली आहेत. परंतु स्मरणशक्ती, धीर, राग आवरण्याची शक्ती, एकामागून दुसरे काम सुचण्याची शक्ती, यांपुढे टक्केवारी नाही. यादीत नसलेल्या इजेसाठी डॉक्टराने आकडा ठरवायचा असतो, आणि तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे जास्तीत जास्त पाच वर्षे. या कायद्यातील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मोजतो. त्यांतही अपघाताने झालेली मेंदूची इजा स्वतंत्र नावाने नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढू नये, असे त्याच्या २० व्या कलमात आहे, पण ते सरकारी आस्थापनांपुरते.

एकदा आम्ही स्फोटाच्या धक्क्याने भिंतीवर आदळलेल्या एका कामगाराला घेऊन भरपाईसाठी एका कचेरीत गेलो होतो. अंगावर ओरखडा नव्हता. साहेबाने हात वर करायला सांगितले, चालायला सांगितले, आणि म्हणाला, “याला झालंय काय?” बाहेर पायरीवर बसून त्याची बायको आम्हाला म्हणाली, “अण्णा, दवाखान्यातून ह्यांना आणलं खरं, पण आणलेलं माणूस त्येच हाय का, आमालाच कळंना.” व्हरमाँटच्या मुकादमाचे मित्र हेच म्हणाले होते, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी वाचनात आढळले. गावात मात्र कोणी बाहेरची बाधा म्हणाले, कोणी दारूचे व्यसन म्हणाले.

महाराष्ट्रात मेंदूच्या जखमेची सर्वांत लांबलेली हकीकत परळच्या केईएम रुग्णालयातली आहे. अरुणा शानबाग ही तेथील परिचारिका, मूळची कर्नाटकातील हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू पोचला नाही. ती जगली, परंतु परत आली नाही. आरोपीला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा गुन्हा लावलाच गेला नाही. आम्ही कामगारांच्या बाजूने बोलणारी माणसे. तरी कामगाराने कामगाराचा घात केला, ही गोष्ट आम्ही गाळणार नाही.

तिच्या सहकारी परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. आम्हाला मोठा वाटतो तो मात्र पुढचा लढा. १९८० नंतरच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणेला केईएमबाहेर हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी निषेध केला आणि बेत रद्द झाला. पगारवाढ नाही, बोनस नाही, एका सोबतिणीची खाट राखायची एवढीच मागणी! कामगार चळवळीच्या इतिहासात हिची नोंद ठळकपणे होत नाही. कामावर आलेल्या नव्या मुलींना जुन्या परिचारिका तिची शुश्रूषा सोपवून निवृत्त होत राहिल्या. अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला व्रणे पडायला आठवडाही पुरतो. इतक्या वर्षांत तिला ती होऊ दिली नाहीत, याची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. तिला मरू द्यावे असा अर्ज पत्रकार पिंकी विराणी यांनी केला होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली, पण अरुणेच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा ठरवला. त्यांना ती हवी होती. जगणे की मरण, या वादात आम्ही पडत नाही; दोन्ही बाजूंना दया होती. परंतु नाते कोणाचे, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर आम्ही जपून ठेवले आहे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. ४१ वर्षे उलटून गेली होती.

गेजसारखी ती सावरणार नव्हती, आणि तिची जागा राखली गेली. तेरखेड्याच्या शेडमधल्या ज्या माणसाची सावरण्यासारखी स्थिती असते त्याची जागा दुसऱ्या आठवड्यात भरली जाते. त्याला पुन्हा दारूजवळ बसवा असे आम्ही म्हणत नाही. ठिणगीपाशी विसरभोळा माणूस बसवणे हा दुसरा गुन्हा होईल. कागद कापणे, पुठ्ठे मोजणे, खोकी बांधणे ही कामे मात्र दारूपासून दूरच्या खोलीत करता येतात. आणि डोक्याला मार लागला की रक्त आले नाही तरी त्याच दिवशी तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांची नावे वहीत लिहून ठेवा. कचेरीत ती वही लागते.

त्या पायरीवरच्या बाईच्या घरी आम्ही अलीकडे गेलो होतो. नवरा गोठ्यात होता. कडब्याच्या पेंढ्या किती टाकायच्या हे दाराच्या चौकटीवर खडूने लिहिलेले होते. त्याने प्रत्येक पेंढी टाकल्यावर चौकटीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि आमचे नाव न आठवताच चहा ठेवायला सांगितला.