खंयचो मासो?

मंडळी, या वीकेंडला कोड नाही, गॅजेट नाही. या वेळी इतिहास, आणि तोही माशाचा. शाकाहारी वाचकांनी वाटल्यास हा शनिवार सोडून द्यावा, पण शेवटपर्यंत आलात तर कदाचित तुम्हालाच जास्त पटेल.

गोष्ट सुरू होते २००७ साली, हाँगकाँगला. मी ऑनसाईट गेलो होतो. प्रोजेक्ट एकदाचा लाइव्ह गेला आणि टीमने ठरवलं की जेवायला लेई यू मूनला जायचं. हाँगकाँगच्या बंदराचं हे पूर्वेकडचं चिंचोळं तोंड. मेट्रोतून उतरायचं, होड्यांनी भरलेल्या छोट्या बंदराला वळसा घालून चालत जायचं, की एक अरुंद गल्ली लागते. दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या. त्यांत बुडबुडे, नळ्या, आणि जिवंत मासे, खेकडे, शेवंडं, शिंपल्या. हाताएवढ्या लांब मॅन्टिस कोळंब्या तर एकेका बाटलीत एकेक ठेवलेल्या. (एकत्र ठेवल्या तर एकमेकींना मारतात म्हणे. आमच्या टीममध्येही दोघांना असंच वेगळं बसवलेलं होतं.)

पद्धत अशी. टाकीतला मासा बोटाने दाखवायचा. दुकानदार तो जाळीने काढून वजन करणार, पैसे तिथेच द्यायचे. मग तो मासा घेऊन शेजारच्या हॉटेलात जायचं, आणि तिथले लोक शिजवण्याची मजुरी वेगळी घेणार. म्हणजे हार्डवेअर एकाकडून आणि सर्व्हिस दुसऱ्याकडून. मला पाहुणा म्हणून पहिला मान दिला. मी ऐटीत एका लाल ठिपकेदार माशाकडे बोट केलं. हेकरूच्या जातीतला. हाँगकाँगच्या इंग्रजीत याला 'गरूपा' म्हणतात. शब्द पोर्तुगीज, शेजारच्या मकाऊमधून आलेला.

टाकीवर आकडा लिहिला होता, तो मी अख्ख्या माशाचा भाव समजलो. तो होता एका कॅटीचा. कॅटी म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम, आणि तिचे १६ भाग म्हणजे १६ टेल. आपल्याकडे १६ छटाकांचा शेर असायचा तसंच. एवढी ओळख पटेपर्यंत माझा तीन दिवसांचा अलाउन्स काट्यावर चढून उतरला होता. असो. मासा मात्र अप्रतिम. आलं, पातीचा कांदा, सोया सॉस, वरून कडकडीत तेल, बस्स.

त्या रात्री डोक्यात एक किडा शिरला. मासा जिवंतच का पाहिजे? मी मालवणी घरातला. आमच्याकडे बाजारात आई कल्ले उघडून बघते, डोळे बघते, अंगठ्याने दाबून बघते. पण मेलेलाच मासा बघते. जिवंत घेतो ती फक्त कुर्ली. मग या लोकांनाच एवढा हट्ट का?

त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. ते इथे मांडतोय.

चिनी भाषेत 'ताजं, चविष्ट' या अर्थाचं एक अक्षर आहे. ते दोन अक्षरं जोडून बनतं: मासा आणि मेंढी. म्हणजे ताजेपणाची कल्पना लिहितानाच मासा लागतो. शिवाय मासा आणि 'शिल्लक, बरकत' यांचा उच्चार एकच, म्हणून नववर्षाच्या जेवणात अख्खा मासा हवाच. हे झालं संस्कृतीचं. पण मला पटलं ते कारण जास्त साधं आहे. ग्वांगडाँगची हवा आपल्या कोकणासारखी, दमट आणि गरम. बर्फ नसताना मासा काही तासांत उतरतो. तो खराब नाही याचा एकच बिनतोड पुरावा, म्हणजे तो हलतोय!

आणि हा पुरावा द्यायचा कुणी? तर होडीवर राहणाऱ्यांनी. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं एक समाज होड्यांवरच जन्मायचा, तिथेच लग्न करायचा आणि तिथेच मरायचा. जमिनीवरचे लोक त्यांना 'तांका' म्हणत, जे त्यांना अपमानास्पद वाटतं. ते स्वतःला 'पाण्यावरचे लोक' म्हणवतात. त्यांना जमिनीवर घर बांधायला बंदी, सरकारी परीक्षांना बसायला बंदी, जमिनीवरच्यांशी सोयरीक नाही. १७२९ मध्ये योंगझेंग बादशहाने त्यांना किनाऱ्यावर राहायची मुभा दिली, पण फर्मानाने मनं थोडीच बदलतात? आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्या मासेमारीच्या होड्यांत एक हुशारी असायची. तळाच्या एका कप्प्याला भोकं ठेवायची, म्हणजे समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळत राहायचं आणि पकडलेला मासा त्या कप्प्यात जिवंत राहायचा. बाकीचे कप्पे बंद, त्यामुळे होडी बुडत नाही. ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही, तो जिवंत माल दाखवून विश्वास कमावतो. आजच्या काचेच्या टाकीची आजी म्हणजे हा कप्पा, असं मला वाटतं.

होडीवर जागा ती किती? त्यामुळे लग्नकार्याच्या पंगतींसाठी मोठ्या सजवलेल्या होड्या वापरायचे. हाँगकाँग बेटाच्या दक्षिणेला ॲबरडीनच्या बंदरात या पंगतींच्या होड्यांतूनच दुसऱ्या महायुद्धानंतर तरंगती रेस्टॉरंट्स उभी राहिली. 'ताय पाक' हे त्यातलं प्रसिद्ध नाव, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं. किनाऱ्यावरून छोट्या होडीतून जायचं, मासा जिवंत असतानाच निवडायचा, आणि वर जाऊन जेवायचं. ज्यांना एकेकाळी जमिनीवर जागा नव्हती त्यांची पंगत आता परदेशी पाहुण्यांसाठी 'बघण्यासारखी' झाली.

मग आलं 'जंबो'. राजवाड्यासारखं, सोनेरी ड्रॅगनवालं प्रचंड तरंगतं रेस्टॉरंट. बांधकाम संपत आलेलं असताना ऑक्टोबर १९७१ मध्ये त्याला आग लागली, ३४ माणसं गेली. पुढे मकाऊचे कॅसिनोसम्राट स्टॅन्ली हो यांनी ते विकत घेऊन नव्याने बांधलं आणि १९७६ मध्ये सुरू केलं. एका वेळी दोन हजारांहून जास्त लोक जेवू शकत. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या काळात ते बंद पडलं. जून २०२२ मध्ये टगबोटी ते ओढत हाँगकाँगबाहेर नेत होत्या, तेव्हा दक्षिण चिनी समुद्रात ते उलटलं. सुदैवाने त्यात कुणी दगावलं नाही.

आणि लेई यू मून? तिथे पूर्वी दगडखाणी होत्या. हाक्का समाजाचे पाथरवट ग्रॅनाइट फोडायचे आणि तो दगड होड्यांनी बाहेर जायचा. १९६० च्या दशकाच्या शेवटी खाणी थंडावल्या आणि गाव हळूहळू माशांच्या हॉटेलांवर जगायला लागलं. त्याच सुमारास पाण्यावरचे लोकही एकेक करून सरकारी इमारतींमध्ये राहायला जाऊ लागले.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढची कडू आहे.

१९७० नंतर हाँगकाँग झपाट्याने श्रीमंत झालं. बॉसला, क्लायंटला, होणाऱ्या सासऱ्याला जेवायला न्यायचं तर टेबलावर जिवंत निवडलेला हेकरू हवाच. पण हाँगकाँगच्या आसपासचे हेकरू तोवर संपत आलेले. प्रवाळाजवळ राहणारा हा मासा सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो. मग व्यापारी पुढे सरकले. आधी फिलिपिन्स, मग इंडोनेशिया, मग पापुआ न्यू गिनी, अगदी मालदीवपर्यंत. एक समुद्र रिकामा झाला की पुढचा.

आणि जिवंत पकडायचा म्हणजे गळ किंवा जाळ्यापेक्षा सोपा उपाय सापडला होता: सायनाइड. १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये मत्स्यालयांसाठी शोभेचे मासे पकडायला ते वापरू लागले होते. तेच इथे आलं. पाणबुड्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून प्रवाळाच्या कपारीत विषाचं पाणी मारतो, मासा गुंगतो, कपार फोडून त्याला बाहेर काढायचं आणि स्वच्छ पाण्यात सोडायचं. मोठा मासा शुद्धीवर येतो. आसपासचे छोटे जीव आणि प्रवाळ येत नाहीत. हे पाणबुडेही गरीब गावांतले, कॉम्प्रेसरच्या नळीने श्वास घेत खोल जाणारे. किती तरी जण घाईने वर येताना अधू झाले. १९९५ मध्ये योहानिस आणि रीपेन या दोघांचा या व्यापारावरचा मोठा अहवाल आला, तेव्हा हे जगापुढे नीट मांडलं गेलं.

सगळ्यात वाईट गत झाली ती हम्पहेड रासची. स्थानिक नाव 'सो मेई', कपाळाला मोठं टेंगूळ, ओठ जाड. दोन मीटरच्या आसपास वाढतो, तीस वर्षं जगू शकतो. यातल्या काही माद्या मोठ्या झाल्यावर नर बनतात. पण गिऱ्हाईकाला हवा ताटात मावेल एवढा, म्हणजे बहुतेक वेळा एकदाही अंडी न घातलेला. २००४ मध्ये साइट्स करारात त्याच्या व्यापारावर नियंत्रण आलं, म्हणजे आता परवाना लागतो. तरी चोरटा माल येतच राहिला, कारण एकदा टाकीत गेला की परवान्याचा कुठला आणि बिनपरवान्याचा कुठला, सांगणार कोण?

यावर हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेला उपाय वाचून माझ्यातला इंजिनियर खूश झाला. या माशाच्या डोळ्यामागे रेषांची नक्षी असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. आपल्या बोटांच्या ठशासारखी. म्हणून त्यांनी फोटोवरून मासा ओळखणारं ॲप बनवलं. टाकीतल्या माशाचा फोटो काढायचा. परवाना तीन माशांचा आणि महिनाभरात दहा वेगळे चेहरे दिसले, की चोरी पकडली! चेहरा ओळखून माणसांवर पाळत ठेवणाऱ्या जगात हा एक तरी बरा उपयोग.

तर टाकीबद्दल मला जे कळलं ते असं. काच पारदर्शक असते म्हणून आपल्याला वाटतं की सगळं दिसलं. खरं तर ती फक्त माशाचा शेवटचा एखादा दिवस दाखवते. तो कुठून आला, कसा पकडला, त्याच्यामागे किती प्रवाळ मेलं, ते काचेपलीकडे राहतं. होडीवाला स्वतः पकडून तुमच्यापुढे धरायचा तेव्हा 'जिवंत' म्हणजे 'खरा' होता. मध्ये तीन देश आणि पाच दलाल आले, आणि पुरावा तोच राहिला, फक्त आता तो कशाचाच पुरावा उरला नाही. डॅशबोर्ड हिरवा, आणि मागे सर्व्हर जळतोय, हे आपण ऑफिसात बघतोच की राव.

हे सगळं ज्ञान मी वाचून मिळवलं. आईने एका वाक्यात मिळवलं.

२०२४ मध्ये आईला घेऊन पुन्हा हाँगकाँगला गेलो. तिला लेई यू मूनच्या गल्लीत नेलं. वाटलं होतं, खूश होईल. ती एकेका टाकीसमोर थांबत होती, पदर खोचून, मालवणच्या बाजारात उभी राहते तशी. एका भल्यामोठ्या हेकरूसमोर थांबली आणि म्हणाली, "झिला, ह्यो मासो खंयचो?"

कुठला? मी दुकानदाराला इंग्रजीत विचारलं. तो ताज्या असण्याबद्दल बोलला, वजनाबद्दल बोलला, चवीबद्दल बोलला. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "सबाह. फार्म." मलेशियाच्या सबाहमध्ये २००० च्या दशकात दोन जातींच्या हेकरूंचा संकर करून वाढवलेला हा मासा आता हाँगकाँगच्या टाक्यांत सर्रास दिसतो. आईला सांगितलं.

"म्हणजे ब्रॉयलर," आई म्हणाली.

मी तिला समजावलं की हे त्यातल्या त्यात बरं, निदान प्रवाळ फोडून आणलेला नाही. ती म्हणाली, "आणि ह्याका खावक काय घालतत?" आता काय सांगू? छोटे मासेच घालतात.

शेवटी आम्ही शिंपल्या घेतल्या, काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये परतलेल्या. चार घास खाऊन आई म्हणाली, बरे आहेत, पण तिसऱ्यांची चव नाही. बंदरात दिवे लागले होते, मोठी जहाजं त्या चिंचोळ्या तोंडातून आत येत होती. मला जरा अपराधी वाटत होतं, तेवढ्यात तिनेच सांगितलं की हल्ली मालवणातही तिची नेहमीची मासेवाली हा प्रश्न विचारला की हसते. पूर्वी म्हणायची, "आजच्या रापणीचो." आता म्हणते, "बर्फाचो हा, पण बरो हा."

म्हणजे हाँगकाँगला नावं ठेवून भागणार नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. हॉटेलात असो की बाजारात, भाव विचारायच्या आधी आईचा प्रश्न विचारतो. पुण्यात बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, वेटर मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो. ज्या दिवशी उत्तर मिळतं, त्या दिवशी दोन घास जास्त जातात.

बाकी भेटू पुढच्या वीकेंडला. आज घरी बांगडे आहेत. हर्णैचे. विचारून घेतलेत :)