परवाना

शब्द फारसी, अर्थ लेखी हुकूम. परवानगी त्याचीच लेक. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गावर आदिलशाही होती, पुढे १९४८पर्यंत धाराशिव निजामाकडे. त्यांच्या दफ्तरातले असे कितीतरी शब्द इथल्या बोलीत मुरले. उर्दूतला परवाना म्हणजे पतंगही, तो दिव्यावर झेपावतो. आपला मात्र कागदालाच चिकटून राहिला.

आता हा कागद सॉफ्टवेअरलाही लागतो. तिथला परवाना मुक्त की नाही, हे किमतीवर ठरत नाही. वापरा, अभ्यासा, बदला, वाटा : चारही मुभा हव्यात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फॉन्ट घ्या. त्याचा परवाना नुसता फॉन्ट विकू देत नाही. तरी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तो मुक्तच मानतं, कारण सोबत ‘हॅलो वर्ल्ड’एवढा चिमुकला प्रोग्रॅम जोडला की विक्री चालते! याउलट ‘जेसन’ (JSON) नावाच्या सॉफ्टवेअर-परवान्यात एक भाबडी अट, चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. आणि तो नापास. चांगलं कोणतं, हे सांगणं म्हणजे हुकूमच की.