आघारकर, आगरकर नव्हेत

पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. दोन नावांत फरक एका महाप्राणाचा आणि एका कान्याचा; तेवढ्यावर घोटाळा होतो. मराठीच्या वर्गात ‘सुधारक’कारांविषयी बोलताना ‘त्यांचीच ना ती संस्था?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. ती संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. १८८४ साली मालवणात जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाचा आमच्या मुलखाशीही संबंध होता, हे आम्हांलाही उशिराच कळले.

आमचे कडेगाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी १९४९ पूर्वी ते साताऱ्यात मोडत असे. त्याच साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात, १९११ च्या सुमारास आघारकरांना नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडली. तेव्हा ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अ‍ॅनंडेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. ती ज्या गणातली, तो गण तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होता. मग ती सह्याद्रीच्या कुशीत आली कुठून?

हा प्रश्न आघारकरांना सुटला नाही, आणि त्यानेही त्यांना सोडले नाही, असे आम्हांला वाटते. १९१४ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना राशबिहारी घोष अध्यासनावर नेमले आणि पुढील अभ्यासासाठी जर्मनीला धाडले. महायुद्ध पेटले, ते तिथेच अडकले. शत्रुराष्ट्राच्या राजधानीत, बर्लिन विद्यापीठात, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय कोणता? वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या व खारट जमिनींवरील वनस्पतींचे बी पसरते कसे आणि त्या वनस्पती मुळात आल्या कुठून! हा प्रबंध १९२० साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. कोयनेतल्या जेलीफिशची जागा वाळवंटी झुडपांनी घेतली होती, इतकेच.

पुढची पंचवीसेक वर्षे कलकत्त्यात अध्यापनात गेली. १९४६ साली ते निवृत्त झाले. वय बासष्टीला टेकलेले. निवृत्त प्राध्यापकाकडून आपला समाज आठवणी आणि अध्यक्षीय भाषणे यांपलीकडे फारसे मागत नाही (आम्हीही त्याच वाटेवर आहोत, म्हणून हे बोचते). आघारकरांनी त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापली. इंग्रजी नाव कलकत्त्याच्या महेंद्रलाल सरकारांच्या जुन्या संस्थेच्या धर्तीवरचे. मराठी नाव मात्र स्वतंत्र आणि सुरेख. ‘वर्धिनी’ या शब्दात विज्ञान आणण्याची नव्हे, वाढवण्याची भाषा आहे. १९६० साली निधन होईपर्यंत तिची धुरा त्यांच्याकडेच होती.

१९९२ साली तिच्या संशोधन संस्थेला आघारकरांचे नाव मिळाले आणि वर उल्लेखलेला घोटाळा सुरू झाला. विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे मात्र संस्थेने काढलेल्या गव्हाच्या आणि सोयाबीनच्या वाणांना चिकटून राहिली आहेत. ‘एमएसीएस ११८८’ हा सोयाबीनचा असाच एक वाण. त्यातली पहिली चार अक्षरे कोणाची, हे आम्ही आता वर्गात सांगतो.